काळी बाटली

हातपंप खाकरायला लागला
की आमचा पाडा झिऱ्यावर येतो.
मीही येते बुधवारी,
बगलेत रजिस्टर, पिशवीत दोन बाटल्या,
नाशिकहून एस.टी.नं कोटंबी घाट उतरून आलेल्या,
आत तळाशी चिमूटभर औषध.

रेघेपर्यंत पाणी भरायचं,
बूच घट्ट लावायचं,
घरी ट्रंकेवर ठेवून
दोन दिवस तिकडं बघायचं नाही.
काळं पडलं तर खराब,
न पडलं तर, कागदापुरतं, चांगलं.

पाच वर्षांच्या रजिस्टरात माझ्या
एकच शब्द खाली खाली उतरत गेलाय.
लोक विचारायचे, काय निघालं?
काळं.
मग?
या 'मग'ला रकाना नाही.

तान्ही भोये भाताच्या गिरणीवर असते.
गिरणीमागं तुसाचा ढीग, छपराइतका.
गुरं त्याला तोंड लावत नाहीत,
पाय रुतला तर पोटरी रात्रभर खाजते,
वारा सुटला की आख्खी आळी डोळे चोळते.
मालक म्हणतो, न्या कुणीही,
तेवढीच जागा मोकळी होईल.

ती झिऱ्यावर तवा घासत होती त्याच राखेनं.
म्हणाली, दात घासतो हिनं, तवा घासतो,
पाणी का नाही घासायचं?

मी हसले. पाणी कुणी घासतं का.

तेलाच्या डब्यात तूस दाबलं,
झाकण शेणमातीनं लिंपलं, कोंडून जाळलं.
पहिल्या खेपेला पांढरीफेक राख.
हे मेलं, म्हणाली, फार जळलं.
दुसऱ्या खेपेला निघालं काळं, कुरकुरीत,
भाताच्या दाण्याचा आकार अजून अंगावर असलेलं.

माठ तिच्या सासूचा, काठ फुटका.
खाली खडी, वर दमणगंगेची वाळू,
मग ती राख, मग धुवट लुगड्याचा तुकडा.
तोटीचे पंचेचाळीस रुपये गेले,
बाकी सगळं उकिरड्याच्या नात्यातलं.

पहिलं पाणी आलं ते शाईसारखं.
दीर म्हणाला, साखर टाक, चहा झाला.
सात हंडे तिनं असेच ओतून दिले
पारावरच्या करंजाला.
आठव्याला हंड्याचा तळ दिसला,
तळातला पोचासुद्धा,
पोरं एकमेकांना ढकलून तो पोचा बघत राहिली.

मी बाटली भरली.
दुसऱ्या संध्याकाळी ती काळी पडली.

सांगायला गेले तेव्हा जीभ जड झाली होती.
तान्ही भाकरी थापत होती. थांबली नाही.
किती तासांनी? तिनं विचारलं.

पाच वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं,
वरच्या साहेबांनी नाही, मीही नाही.
झिऱ्याची बाटली तर सकाळ व्हायच्या आत जायची,
मी उठून बघायचे तोवर कोळसा.
ही तीस तास टिकली होती.
घरी आले. पट्टी नव्हती,
वेळण्याची कड धरून
पेन्सिलीनं ओढली एक वाकडी रेघ:
तास.

मग राखेचा थर चार बोटांचा सहा बोटं झाला.
तोटी इतकी आवळली
की रात्री पाणी पडताना मोजता यावं.
गिरणीतली आणखी तिघी जणी डबे मागून घेऊन गेल्या,
एकीचा अजून पांढराच निघतो.
आणि लहान पोरांसाठी
पाणी चुलीवर चढतंच,
त्यात तान्ही कुणाचं ऐकत नाही,
माठाचंही नाही.

या आठवड्याची बाटली ट्रंकेवर आहे.
बघायचं नाही असा नियम,
पण दारावरून जाणारा प्रत्येक जण मान आत घालतो,
शेजारची म्हातारी तर पिठाचं निमित्त करून दोनदा आली.
पाणी पिवळसर आहे. अजून पिवळसरच.

गिरणी सुटल्यावर तान्ही उंबऱ्याशी थांबते,
पदरावरचं तूस झटकते,
काही विचारत नाही.
मी बोटं दाखवते,
आधी चार,
मग एक.